झुंबरच्या खेळाला वेळ

बोरखळ गावात झुंबर नावाचा एक भोळा माणूस होता. शाळेचा शिपाई. पहाटे म्हशीची धार, मग डेअरीला दूध, मग शाळेची घंटा, झाडांना पाणी, संध्याकाळी पुन्हा म्हैस. मेव्हण्याने त्याच्या मोबाइलवर एक खेळ घालून दिला. वरून शत्रूची विमानं येणार, आपण खालून गोळ्या मारून पाडायची. झुंबरला खेळ फार आवडला. पण खेळायला वेळच मिळेना.

"कौसे, खेळू कधी?" त्याने बायकोला विचारलं.

"आधी काम हातावेगळं करा, मग खेळा."

दुसऱ्या दिवशी तो दुधाची किटली घेऊन डेअरीला निघाला. वाटेत त्याने किटली खाली ठेवली. काम हातावेगळं झालं. मग पारावर बसून त्याने अकरा विमानं पाडली. तेवढ्यात कुत्र्यांनी किटली पाडली.

कौसा म्हणाली, "अहो, कामातून वेळ काढायचा असतो!"

"मग आधी सांगायचं ना."

शाळेची वेळ ऑफिसातल्या घड्याळात असायची. झुंबरने स्टुलावर चढून घड्याळच काढलं, उशाला घेतलं आणि निवांत खेळत पडला. घंटा झालीच नाही. गणिताचा तास सव्वातीन तास चालला. आधी पोरं रडली, मग बाई.

हेडमास्तर हेंद्रे गुरुजी घाम पुसत आले. "झुंबर, खेळायचं तर मधल्या सुट्टीत खेळ. आणि मोठं माणूस दिसलं की खेळ ताबडतोब बंद!"

"ताबडतोब," झुंबर म्हणाला.

शनिवारी कबड्डीची फायनल होती. शाळा एका गुणाने मागे. आपला गडी तिघांना शिवून रेषेकडे झेपावला, तोच सरपंच मैदानात आले. झुंबरने धाडधाड घंटा बडवली. गडी थबकला. तिघांनी त्याला धरला. ढाल शेजारच्या गावाला गेली.

गुरुजींनी कपाळ धरलं. "अरे, खेळ सुरू असला की कुणाचीही भीड धरायची नाही!"

"कुणाचीही नाही," झुंबर म्हणाला.

सोमवारी गुरुजींनी त्याला बोलावलं. "आज वरून साहेब येतायत. तुला नोकरीत कायम केल्याचा हुकूम घेऊन. बारा वर्षं वाट पाहिलीस, आता नीट वाग."

झुंबरचे डोळे भरून आले. त्याने धुतलेली टोपी घातली आणि फाटकाजवळ नळी घेऊन झाडांना पाणी घालत उभा राहिला. मान मात्र वर. आभाळात एका घारीशिवाय कुणी नव्हतं.

मधली सुट्टी झाली. फाटकातून सफारी घातलेले एक गृहस्थ आत आले.

"बाजूला व्हा," झुंबर म्हणाला, "वरून साहेब यायचेत."

"अहो, मीच तो. मीच वरून आलोय."

झुंबरने त्यांच्याकडे नीट पाहिलं. माणूस बरा दिसत होता. त्याला जरा वाईटही वाटलं. पण वरून येणाऱ्याचं काय करायचं ते त्याला पाठ होतं, आणि भीड तर धरायचीच नव्हती. त्याने नळीच्या तोंडावर अंगठा दाबला.

साहेब चिखलात आडवे झाले. हुकुमाच्या कागदाचा लगदा झाला. गुरुजी धावत आले आणि तिथेच मटकन बसले.

"गुरुजी, एक पाडला!" झुंबर म्हणाला. "सुट्टी संपायला अजून दहा मिनिटं आहेत. आणखी कुणी वरून यायचे असतील तर लवकर पाठवायला सांगा. नंतर मला वेळ नाही."