आजोबांचे पाच शब्द

एका खाडीच्या काठावर एक गाव होतं. तिथे ज्याला त्याला होड्या बांधायचं वेड, आणि ज्याला बांधता येत नसत, तो दुसऱ्याच्या होडीला नावं ठेवत बसायचा.

या गावाची एक रीत होती. नवी होडी झाली की ती तशीच पाण्यात ढकलायची नाही. आधी ती किनाऱ्यावर दोन ओंडक्यांवर चढवायची आणि कळश्या भरभरून पाणी होडीच्या आतच ओतायचं. मग गावच्या पारख्याने बाहेरून तिच्या पोटाखाली हात फिरवायचा. आतलं पाणी कुठे झिरपत असेल तर त्याचा हात ओला व्हायचा, आणि तिथे तो कोळशाने फुली मारायचा. मग कारागिराने तेवढा सांधा उकरून पुन्हा कापूस ठोकायचा आणि वरून राळ भरायची.

पारखी होते धर्माजी आजोबा. मोठे कडक! होडीभोवती तीन फेऱ्या मारायचे, आणि हात कोरडा राहिला तर दोनच शब्द बोलायचे, "सोड पाण्यात." बाकी कौतुकबिवतुक काही नाही.

एकदा आजोबा गुडघ्याच्या औषधपाण्यासाठी शहरात लेकीकडे जाऊन राहिले. तिथे नात शाळेत जायची. तिच्या वह्यांत लाल शाईने काही ना काही लिहिलेलं असायचं. आजोबांनी विचारलं, "हे गं काय?"

"बाईंनी दिलेली शाबासकी आहे ती, आजोबा. इंग्रजीत," नात म्हणाली. "ओके म्हणजे चालेल, काही अडत नाही. आईची रोजची आमटी असते ना, ती ओके. गुड म्हणजे चांगलं. व्हेरी गुड म्हणजे बोटं चाटत राहावं असं. एक्सलंट म्हणजे असं दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

"आणि हे?"

"हे परफेक्ट! म्हणजे खोट काढायला जागाच नाही. हे बाई वर्षातून एकदाच लिहितात, तेही कधी कधी लिहीतच नाहीत."

आजोबांनी पाचही शब्द एका चिठ्ठीवर लिहून घेतले, चिठ्ठी टोपीत खोचली आणि गावी परतले.

सुरुवातीला सगळं रीतसर चाललं. पाणी ओतायचं, हात फिरवायचा, मग चिठ्ठी काढून मापात बसेल तो शब्द द्यायचा. पण झालं काय, एका सुताराला त्यांनी "गुड" म्हटलं आणि तो तोंड फुगवून बसला. का, तर शेजारच्याला "व्हेरी गुड" मिळालं होतं! आजोबांना वाईट वाटलं. पुढच्या खेपेला त्यालाही त्यांनी "व्हेरी गुड" दिलं. मग शेजारी रुसला. त्याला "एक्सलंट" द्यावं लागलं. असं करता करता दोन महिन्यांत सगळा गाव "परफेक्ट"वर जाऊन पोचला. कुणाला "ओके" म्हणायचं म्हणजे त्याला शिवी दिल्यासारखं झालं.

आजोबांनाही ते गोड लागू लागलं होतं, खोटं कशाला बोला. जातील तिथे खुर्ची, वर चहा. आणि ज्याला परफेक्टच म्हणायचं ठरलंय, त्याच्या होडीत पाणी तरी कशाला ओतायचं? गुडघे दुखतातच. कारागीर मुरलेले होते म्हणून होड्या तरंगत होत्या. आजोबांना मात्र वाटायला लागलं, की त्या आपल्या शब्दावरच तरंगताहेत.

त्याच गावात आवडी नावाची एक मुलगी होती. बाप होड्या बांधणारा, तो वारला. त्याच्या हाताखाली शिकलेली आवडी म्हणाली, "बाबांचा होड्या बांधायचा मांडव मी चालवीन." चुलत्याचा डोळा त्याच मांडवावर. पंचांनी सांगितलं, "एक होडी बांधून दाखव. तरली तर मांडव तुझा, नाही तर चुलत्याचा."

आवडीने सहा महिने खपून होडी बांधली. वीस कळश्या पाणी भरून ठेवलं आणि आजोबांना बोलावलं. आजोबा आले, सावलीत खुर्चीवर बसले, चहा बशीत ओतला.

"आजोबा, पाणी ओतू ना?"

"कशाला गं? इथूनच दिसतंय की. परफेक्ट!"

"ते खरं, पण उजवीकडच्या तिसऱ्या फळीचा सांधा मला जरा..."

"आवडे, परफेक्ट म्हणजे काय सांगितलं होतं मी? खोट काढायला जागाच नाही! सोड पाण्यात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आवडीने आईला होडीत बसवलं आणि वल्ही मारली. खाडीच्या मध्यावर पोचायच्या आतच उजवीकडून पाणी घुसलं. मायलेकी होडीसकट खाली जायच्या, पण आसपासच्या होड्या धावल्या म्हणून दोघी वाचल्या. होडी मात्र तळाला गेली. काठावर आई किती तरी वेळ खोकत, पाणी ओकत पडून होती.

"पोरीचं काम ते, दुसरं काय व्हायचं!" लोक म्हणाले. चुलता तर तिथून उठून थेट मांडवाकडेच गेला.

आजोबांना कुणी एका शब्दाने विचारलं नाही. आणि त्यांनीही सांगितलं नाही. सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं हो, पण नुसतेच खाकरले आणि काठी टेकत घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवडी त्यांच्या दारात उभी. आजोबांना वाटलं, आता ही भांडणार, चार लोकांत आपली अब्रू काढणार! पण आवडी खाली बसली आणि म्हणाली, "आजोबा, माझं काय चुकलं तेवढं सांगाल? होडी तर परफेक्ट होती. म्हणजे मी वल्हवतानाच काहीतरी चुकले असणार."

आजोबांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

"मला उगीचच त्या तिसऱ्या फळीची शंका येत होती," ती म्हणाली. "राळ तापायलासुद्धा ठेवली होती मी. पण तुम्ही परफेक्ट म्हणालात, मग चूल विझवून टाकली."

तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ही पोर स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडून आपल्या शब्दावर विसंबली, आणि आपण काय केलं, तर खुर्चीवरून उठलोसुद्धा नाही. आजोबांना शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी टोपी काढली, आतली चिठ्ठी मुठीत चुरगळली आणि म्हणाले, "चल."

पारावर पंच बसले होते. मांडव चुलत्याला द्यायचंच चाललं होतं. आजोबा मध्ये जाऊन उभे राहिले. मान वर होईना, तरी बोलले.

"होडीत खोट होती. पोरीला ती दिसली होती, तिने मला सांगितलीही होती. मला दिसली नाही, कारण मी पाहिलंच नाही. पाणीसुद्धा ओतू दिलं नाही मी. बुडवली ती मी."

"असू दे हो आजोबा, वयोमानाने होतं," कुणीतरी म्हणालं.

"वयाने नाही झालं. तुमच्या खुर्चीने आणि चहाने झालं. तुम्ही खूश व्हावं म्हणून मी मोठे मोठे शब्द वाटत सुटलो. एका मायलेकीचा जीव जात होता, आणि काल मी गप्प बसलो. लाज वाटते मला."

पारावर कुणी कुणाकडे बघेना. गुडवरून रुसलेला तो सुतार तर पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसला होता. पंचांनी आवडीला आणखी एक संधी दिली.

ओहोटीला सगळ्यांनी मिळून होडी वर ओढून काढली. ओंडक्यांवर चढवली, पाणी ओतलं. आजोबांनी खुर्ची नको म्हणून सांगितलं. दुखरे गुडघे चिखलात टेकवून त्यांनी हात फिरवला. तिसऱ्या फळीवर फुली मारली. पाचवीवर आणखी एक.

आवडीने चूल पेटवली, राळ तापवली. आठ दिवसांनी पुन्हा पाणी ओतलं. आजोबांनी एक फेरी मारली, दुसरी मारली, तिसरी मारली. मग आपला हात निरखून पाहिला. कोरडा होता.

"परफेक्ट ना, आजोबा?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

आजोबांनी आवडीकडे पाहिलं. "दोन फळ्या अजून खडबडीत आहेत. वल्ह्याची खोबण पुढच्या वेळी थोडी मागे घे. पण पाणी कुठेच येत नाही. ओके आहे होडी."

लोक चपापले. आवडीने मात्र पदराने डोळे पुसले आणि हसली. आजवर कुणाच्या परफेक्टने तिला एवढं बरं वाटलं नव्हतं.

"सोड पाण्यात," आजोबा म्हणाले. होडी पाण्याला लागली, तशी काठी काठावर ठेवून सगळ्यांच्या आधी ते स्वतः तिच्यात चढले, उजवीकडे तिसऱ्या फळीला टेकून बसले आणि आवडीच्या आईला हात दिला. होडी पैलतीराला जाऊन परत आली, आणि मांडव आवडीचाच राहिला.

तात्पर्य विचाराल, तर एवढंच: न पाहता दिलेलं "परफेक्ट" माणसाला मध्येच बुडवतं, आणि नीट पाहून म्हटलेलं साधं "ओके" त्याला पैलतीरी नेतं. म्हणून कुणाला शाबासकी द्यायची असेल, तर आधी त्याच्या कामाला हात लावून बघा.