जळलेल्या गवतावर

विस्तीर्ण माळरानाच्या पश्चिमेला वसलेल्या एका गावात एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत. स्वभाव अत्यंत शांत. कोणी उणेदुणे बोलले तरी ते उलट उत्तर देत नसत. त्यांचा शिष्य श्रीरंग तीन वर्षे त्यांच्याजवळ शिकत होता, आणि गुरूंच्या या शांतपणाला तो मनातल्या मनात भित्रेपणा समजू लागला होता.

चैत्र सरत आला होता. माळावरचे गवत कंबरेइतके वाढून पार वाळले होते आणि आठ दिवसांपासून पश्चिमेचा कोरडा वारा थांबला नव्हता. अशा दिवसांत माळावर कोणी जाऊ नये, असे वैद्य स्वतःच सर्वांना सांगत. पण माळाच्या मध्यावर उतरलेल्या ठकूबाई या वृद्ध धनगरणीचा पाय मोडल्याचा निरोप आला, तेव्हा ते शिष्याला घेऊन निघाले.

ठकूबाई पालात एकटीच होती. मुलगा मेंढ्यांना पाणी पाजायला पूर्वेकडच्या नदीवर गेला होता. वैद्यांनी हाड बसवले, कामट्या बांधल्या, आणि हात धुवायला बाहेर आले तर पश्चिमेचे सारे क्षितिज धुराने भरलेले. वणवा वाऱ्यावर स्वार होऊन थेट त्यांच्याकडे येत होता.

नदी दीड कोस लांब होती. हिला पाठीवर घेऊन पळू, असे श्रीरंग म्हणाला. वैद्यांनी एकदा धुराकडे, एकदा नदीकडे पाहिले आणि नकारार्थी मान हलवली. ठकूबाईने दोघांना जायला सांगितले. आपले वय झाले, आपली चिंता करू नये, असे ती शांतपणे म्हणाली. श्रीरंग गुरूंकडे पाहत राहिला. निदान आपण दोघे तरी, एवढे शब्द त्याच्या ओठांवर आले होते.

“कोणीही जाणार नाही,” वैद्य म्हणाले.

त्यांनी चुलीतले जळते लाकूड उचलले आणि पालाच्या पूर्वेचे गवत पेटवायला सुरुवात केली. श्रीरंगाने धावत जाऊन त्यांचे मनगट धरले. “गुरुजी, आपली सुटकेची वाट तीच आहे!”

वृद्धाने ज्या ताकदीने हात सोडवून घेतला, ती श्रीरंगाने कधी पाहिली नव्हती. “ठकूबाईला उचल,” ते म्हणाले. “घोंगडी भिजव. माझ्या मागून ये.”

नवी आग वाऱ्याबरोबर पूर्वेकडे धावली आणि तिच्यामागे काळी, धुमसती जमीन उघडी पडली. तळपाय पोळत असताना श्रीरंगाने ठकूबाईला त्या राखेत दूरवर आत नेले. तिघे भिजल्या घोंगडीखाली आडवे झाले. वणवा गर्जत आला. पाल क्षणात पेटले. घोंगडीवर ठिणग्या पडत होत्या आणि वैद्य त्या उघड्या तळव्यांनी विझवत होते. अंगावर येणाऱ्या बैलाला दटावावे तसे ते पुन्हापुन्हा म्हणत होते, “इथे नाही. इथे तुला काही मिळणार नाही.”

जळलेल्या जमिनीशी येऊन वणवा दुभंगला आणि दोन्ही बाजूंनी निघून गेला.

श्रीरंग घोंगडीखालून बाहेर आला. त्याने गुरूंना गवत पेटवण्याचे कारण विचारले.

वैद्य म्हणाले, “अरे, आगीचे बळ पुढच्या गवतात असते. तिच्यापुढे पळत राहिलो असतो, तर प्रत्येक पावलाला तिचेच भक्ष्य आपल्या पायांखाली असते, आणि वाराही तिच्याच पाठीशी होता. शिवाय पळणाऱ्याला ओझे टाकावे लागते. आज ते ओझे म्हणजे ही बाई होती. म्हणून मी आगीचा घास आधीच काढून घेतला आणि तिथेच उभा राहिलो.”

श्रीरंगाने मान खाली घातली. “मी हिला सोडून जाणार होतो, गुरुजी.”

“मन जात होते. पाय गेले नाहीत. आज एवढे पुरे.”

नदीच्या वाळूत दोन्ही आगी विझल्या. दूरवर राखेतून ठकूबाईचा मुलगा धावत येताना दिसला. त्याची वाट न पाहता श्रीरंगाने फोड आलेल्या पायांनीच तिला पाठीवर घेतले आणि तो त्याच्या दिशेने चालू लागला. भाजलेले हात छातीशी धरून वैद्य त्याच्याबरोबर चालत होते. गुरूंच्या शांतपणाला काय म्हणावे, हे आता त्याला कोणी सांगण्याची गरज उरली नव्हती.