नदीला लिहिलेले तिसरे पत्र

एका राज्यात नदी बोलावल्याशिवाय येत नसे. माघ सरला की शुभ्रा नदी आपले पाणी गोळा करून डोंगरावर माहेरी निघून जाई, आणि चैत्री पौर्णिमेला दरबारातून आमंत्रणाचे पत्र गेले की परत येई. कोरड्या पात्रात उभे राहून पत्र मोठ्याने वाचायचे, वाळूवर ठेवायचे आणि घरी जायचे. उन्हे कलण्याआधी पाणी येई. यात कोणाला नवल वाटत नसे. नवल वाटे ते शेजारच्या राज्यांचे, कारण तिथल्या नद्या न बोलावता येत आणि वाटेल त्या वाटेने जात.

हे पत्र लिहिण्याचा मान बल्लाळपंतांच्या घराण्याचा. पत्रात राज्याची खुशाली असे, आणि रिवाज असा, की शेवटच्या ओळीत लिहिणाऱ्याने आपला हात, शाई आणि लेखणी कशी आहे ते सांगायचे. जसे असेल तसे. बल्लाळपंत दरवर्षी लिहीत, "हात बल्लाळाचा, थोडा कापरा. शाई सगुणेने घोटलेली, उत्तम. लेखणी बोरूची, बरी." सगुणा म्हणजे त्यांची पत्नी. काजळी, डिंक आणि बेहड्याचा काढा घोटून त्या अशी शाई करीत, की शंभर वर्षांनीही अक्षर फिके पडू नये.

'बरी' हा शब्द मात्र पंतांना दरवर्षी टोचे. कारण विशीत असताना एका जत्रेत त्यांनी वज्रजटा जादूगारणीच्या राहुटीत सुवर्णचंचू नावाची लेखणी पाहिली होती. पांढरेशुभ्र लांब पीस, त्याला सोन्याची चोच, वर स्फटिकाचे झाकण. आजवर ती ज्यांच्या हाती गेली त्या सर्वांनी ती अलौकिक असल्याचे लिहून दिले होते, आणि प्रत्येकाच्या मरणानंतर ती पुन्हा जादूगारणीकडे आली होती. इतके धनी झाले आणि त्यातल्या एकानेही या लेखणीने फारसे काही लिहिलेले नाही, हे पंतांच्या ध्यानात यायला हवे होते. आले नाही. मन एकदा एखाद्या वस्तूत अडकले की माणूस असल्या चौकशा करीत नाही.

तेव्हापासून पंतांना एक चाळा लागला. वेलांटी बिघडली की म्हणायचे, "सुवर्णचंचू असती तर!" ओळ तिरकी गेली, "सुवर्णचंचू असती तर!" एकदा आमटीत मीठ जास्त पडले तेव्हाही तेच म्हणाले, आणि सगुणाबाई पाणी वाढून आत गेल्या.

अखेर पंत उठले आणि वज्रजटेच्या टेकडीवर गेले. ती दारात बसून आपल्या जटा उन्हात वाळवीत होती. शेजारी एक म्हातारा धनेश पक्षी बसला होता. त्याच्या उजव्या पंखातले एक मोठे पीस नव्हते, म्हणून तो उडत नसे, चालत असे.

"माते, सुवर्णचंचू हवी."

"तीन कामांची किंमत आहे. मध्येच सोडलंस तर लेखणीही नाही, गेलेली वर्षंही नाहीत."

"कबूल."

"पंत," धनेश म्हणाला, "घरी विचारून आलात का?"

"ते माझं मी बघेन," पंत म्हणाले.

पहिले काम आंधळ्या राक्षसाला त्याची कुंडली वाचून दाखवण्याचे. राक्षसाचे आयुष्य मोठे, म्हणून कुंडलीही मोठी. वाचायला चार वर्षे लागली, आणि मधूनमधून राक्षस "मागचं पान पुन्हा" म्हणे. दुसरे काम पाताळातल्या नागाच्या बिळातून माणकाचा खडा आणण्याचे. पूर्वी न ऐकलेली गोष्ट ऐकल्याशिवाय नाग वाट सोडत नसे, आणि त्याने फार गोष्टी ऐकल्या होत्या. त्यात चार वर्षे गेली. तिसरे काम वज्रजटेचा रांजण दवाने भरण्याचे. पहाटे गवतावरून थेंब टिपायचे, आणि ऊन चढले की अर्धे उडून जायचे. पाच वर्षे लागली.

दर चैत्रात पंत पत्र लिहिण्यापुरते घरी येत. सगुणाबाई शाई तयार ठेवीत. एका चैत्रात त्यांच्या केसांत पांढरे दिसू लागले होते. एका चैत्रात सगुणाबाईंची आई गेल्याला आठ महिने झाले होते. पंतांना वाईट वाटले. मग ते रांजणाकडे परत गेले.

तेराव्या वर्षाच्या हिवाळ्यात वज्रजटेने स्फटिकाचे झाकण उचलले आणि लेखणी त्यांच्या हातात ठेवली. पंतांच्या डोळ्यांतून पाणी आले. तीन दिवसांची वाट ते दीड दिवसात चालून आले, आणि मागून धापा टाकीत धनेशही आला.

घरी येताच त्यांनी स्नान केले, पाट मांडला, नवा कागद घेतला. सगुणाबाईंनी ताजी दौत भरून ठेवली. पंतांनी लेखणी बुडवली आणि 'श्री' लिहिली.

श्री उमटली. जशी नेहमी उमटते तशी.

त्यांनी पुन्हा लिहिली. मग कागद बदलला. मग पाट खिडकीपाशी नेला. मग पाट काढून चटईवर बसले. लेखणी लिहीत होती, एवढेच. वळणावर किंचित अडत होती, काना ओढताना शाई जरा जास्त सोडत होती, आणि बोरूपेक्षा जड असल्यामुळे पाच ओळींनंतर अंगठा दुखत होता. वाईट म्हणावी अशी नव्हती. वाईट असती तर बरे झाले असते. रागावून टेकडीवर परत नेता आली असती. राक्षस, नाग आणि रांजण यांच्यानंतर हातात एक लेखणी आली होती, आणि ती लेखणीसारखी लिहीत होती.

"कशी आहे?" सगुणाबाईंनी विचारले.

पंतांनी त्यांच्याकडे पाहिले. तेरा वर्षे दारात उभ्या राहिलेल्या बाईला काय सांगायचे?

"अप्रतिम," ते म्हणाले.

खिडकीतून धनेशाने मान आत घातली. "पंत, कशी आहे लेखणी?"

"अलौकिक."

धनेशाने मान बाहेर काढली आणि अंगणात जाऊन बसला.

बातमी दरबारात गेली. मेघकेतू महाराजांनी लेखणी मागवून आपली सही करून पाहिली. शाईचा थेंब अंगठ्यावर सांडला. महाराजांनी अंगठा शेल्यात लपवला आणि म्हणाले, "वा!" मग प्रधान वा म्हणाले, सेनापती वा म्हणाले. सुवर्णचंचूसाठी चंदनाची पेटी झाली, आणि पंतांना पालखी मिळाली. पंत लोकांसमोर लेखणी हातात धरून बसत आणि दार लावून बोरूने लिहीत. सगुणाबाई दोन्ही दौती भरीत असत. बोरूची दौत रोज रिकामी होई आणि दुसरी तशीच भरलेली राही.

चैत्री पौर्णिमा आली. पंतांनी सुवर्णचंचूने पत्र लिहिले आणि नदीच्या पात्रात उभे राहून वाचले. शेवटची ओळ होती, "हात बल्लाळाचा, थोडा कापरा. शाई सगुणेने घोटलेली, उत्तम. लेखणी सुवर्णचंचू, अलौकिक."

पत्र वाळूवर ठेवून लोक घरी गेले. उन्हे कलली. पाणी आले नाही.

असे कधीच झाले नव्हते. शास्त्री जमले, जुनी बाडे निघाली. नदीला तीन पौर्णिमा बोलावता येते. तिसऱ्या पौर्णिमेलाही ती आली नाही तर दुसऱ्या राज्यात घर करते आणि मागे पाहत नाही, असे त्यांत होते. दोष कशात? हात तोच, घराणे तेच, लेखणी तर अलौकिक. शास्त्र्यांनी मान डोलावली आणि सांगितले, "शाई वाईट."

पंत तिथेच बसले होते. त्यांनी तोंड उघडले आणि मिटले. ते काहीच बोलले नाहीत, हे या कथेतले सर्वांत वाईट कृत्य. राक्षसानेही असे काही केलेले नाही.

सगुणाबाईंनी घरातली सगळी शाई परसात ओतली, खल धुतला आणि पालथा घातला. त्या दिवसापासून पाणवठ्यावर बायका त्यांना वाट देईनाशा झाल्या. "हिच्या हातानं नदी रुसली," असे कोणी हळू म्हणे, कोणी मोठ्याने.

वैशाखी पौर्णिमेला राजवाड्याच्या शाईने पत्र गेले. लेखणी पुन्हा अलौकिक होती. पाणी आले नाही. विहिरींचा तळ दिसू लागला. माणसे झरे उकरू लागली, गुरे दिवसभर हंबरू लागली. शास्त्री म्हणाले, "त्या बाईची सावली अजून पत्रावर आहे." महाराजांनी हुकूम काढला, की ज्येष्ठी पौर्णिमेलाही नदी आली नाही तर सगुणाबाईंनी राज्य सोडून जावे.

पौर्णिमेच्या सकाळी पंत कागद पुढे घेऊन बसले होते. सगुणाबाई समोर येऊन बसल्या.

"अहो, एक विचारू?"

"विचार."

"माझी शाई वाईट होती का?"

"नाही," ते म्हणाले. "तशी शाई या राज्यात कोणी केली नाही."

"मग तेवढं लिहा. जाताना माझ्यापाशी तेवढं असू दे."

पंत उठले. परसात जाऊन त्यांनी खल उचलला, त्याच्या कडांना वाळून राहिलेली शाई चार थेंब पाण्यात कालवली आणि चंदनाच्या पेटीतून सुवर्णचंचू काढली.

दुपारी सारे राज्य पात्राच्या काठावर उभे होते. महाराज छत्राखाली होते. टेकडीवरून वज्रजटा आली होती, आणि धनेश वाळूत पंतांच्या पायाशी येऊन थांबला होता. पंत वाचू लागले. राज्याची खुशाली नव्हतीच, म्हणून त्यांनी ती वाचली नाही, तहान वाचली. मग शेवटची ओळ आली, आणि ती एका ओळीत मावली नव्हती.

"हात बल्लाळाचा, आज फार कापरा. शाई सगुणेने घोटलेली. पहिल्या पत्राचीही तीच होती आणि तेव्हाही उत्तम होती. लेखणी सुवर्णचंचू. ती बोरूसारखी लिहिते, वळणावर बोरूहून थोडी वाईट. तिच्यासाठी मी तेरा वर्षे दिली. पहिला शब्द लिहिला त्याच क्षणी मला कळले आणि रडू आले, पण इतके देऊन आणलेली वस्तू साधीच आहे हे मला कोणाला सांगवेना. म्हणून मी खोटे लिहिले, आणि माझ्या खोट्याचा दोष माझ्या बायकोवर गेला तेव्हा गप्प बसलो."

प्रधानांनी महाराजांकडे पाहिले. महाराजांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिले.

"आम्हालाही तसंच वाटलं होतं," महाराज म्हणाले.

"मलाही," प्रधान म्हणाले. सेनापती काहीतरी पुटपुटले.

पाहतात तो पंतांच्या पायाशी धनेश नव्हता. तिथे एक उघडाबोडका म्हातारा उभा होता आणि सुवर्णचंचूच्या जागी पंतांच्या चिमटीत त्याच्या मिशीचा एक पांढरा केस होता. कोणीतरी म्हाताऱ्याच्या अंगावर उपरणे टाकले.

"हा या दरबाराचा जुना भाट," वज्रजटा म्हणाली. "तरुणपणी मी इथे गायले. बेसूर गायले. यानं भर दरबारात वाहवा केली, म्हणून मी आणखी गात राहिले, आणि लोक वर्षभर मला हसले. तेव्हा याला पक्षी केलं आणि याच्या पिसाची लेखणी केली. ज्याच्या हाती ती जाईल त्यानं स्वतःची लाज पत्करून तिच्याविषयी खरं सांगितलं की हा सुटेल, असा माझा शाप होता. दीडशे वर्षांत कोणी सांगितलं नाही."

"भाटा," महाराज म्हणाले, "आमच्या या न्यायाला तू काय म्हणशील?"

"महाराज, न्याय वाईट होता," भाट म्हणाला. "आणि मुकुट वाकडा आहे."

महाराजांनी मुकुट सरळ केला, छत्राबाहेर आले आणि सगुणाबाईंपुढे हात जोडले. शास्त्री मागच्या मागे निघून गेले. तोवर डोंगराच्या बाजूने गार वारा सुटला होता. पात्रात उतरलेले लोक काठावर चढले, आणि उन्हे कलण्याआधी शुभ्रा नदी आली. पात्र भरून, ओळखीच्या वाटेने. पत्र तिने उचलून नेले. गुरे पाण्यात शिरली, बायका घागरी घेऊन धावल्या, आणि ज्यांनी वाट दिली नव्हती त्यांनी सगुणाबाईंची घागर आधी भरून दिली.

गर्दी पांगल्यावर दोघे काठावर बसून राहिले. पंतांनी मिशीचा केस भाटाला परत देऊ केला होता; "ठेवा तुमच्याकडेच," असे म्हणून तो निघून गेला होता.

"लेखणी गेली त्याचं दुःख नाही," पंत म्हणाले. "पण रोज सकाळी उठलं की मनात ती असायची. आता सकाळी उठून काय करू?"

सगुणाबाई पाण्याकडे पाहत होत्या. "तुम्ही एक कधी विचारलं नाहीत," त्या म्हणाल्या.

"काय?"

"या वर्षांत मला काय हवं होतं, ते."

मग पंतांनी विचारले, "काय हवं होतं, सगुणे?"

सगुणाबाईंनी आठवून पाहिले. कपाळाला आठी पडली.

"काहीतरी होतं," त्या म्हणाल्या. "फार हवं होतं. आता आठवत नाही."

"आठव," पंत म्हणाले. "मी बसतो." आणि ते तिथेच मांडी घालून त्यांच्याकडे तोंड करून बसले.