गरुडाच्या पिलाला लागलेली दृष्ट

खाडीला लागून असलेल्या एका जंगलात एक खार राहत असे. तिचे बिऱ्हाड सातवीणीच्या उंच झाडावर होते. त्याच झाडाच्या शेंड्यावर पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडांच्या जोडीने काटक्यांचे भले मोठे घरटे बांधले होते. त्या वर्षी घरट्यात एक पिलू झाले आणि खारीला त्याचे वेडच लागले. बाळांनो, तुम्हीही ते पाहिले असते तर खुळावला असता. अंगावर मऊ पांढरी लव, तिच्यातून डोकावणारी तपकिरी पिसे आणि एवढ्याशा तोंडावर केवढी ती बाकदार चोच! बाप खाडीवरून मासा आणी, आई त्याचे बारीक तुकडे करून भरवी. ज्याच्या नुसत्या सावलीने पाण्यातले मासे बुडी मारतात, तो पक्षी लेकराला घास देताना मान किती हळू वाकवतो, हे खार आपल्या ढोलीतून गुपचूप पाहत राही.

एके सकाळी कॅमेरा घेतलेला एक माणूस आला आणि झाडासमोरच्या करवंदीच्या जाळीत दडून बसला. मग काय, खारीच्या अंगावर मूठभर मांस चढले. "आमच्या बाळाचा फोटो काढायला माणूस आलाय हो!" असे ती जंगलभर सांगत सुटली. ऐकणारे सगळे झाडावर धावले.

"सरक गं खारूताई, मला काही दिसत नाही," म्हणत वानर घरट्याशेजारच्या फांदीवर धपकन बसले.

कावळ्याने मान वाकडी केली. "ह्याला गरुड म्हणायचं? मला तर कोंबडीचं पिलू वाटतंय."

"कोंबडी असेल तुझी आत्या!" खार फणकारली. "जवळ ये आणि ते डोळे बघ नीट." आणि तिने त्याला अगदी घरट्याच्या काठाशी बोलावले.

गरुड मासा घेऊन आले. त्यांनी झाडावर घिरट्या घातल्या, "कांक, कांक" असा आक्रोश केला आणि मासा पायांत तसाच धरून परत फिरले. दुसऱ्या दिवशीही तेच. पिलू आधी ओरडत होते, मग नुसतीच चोच उघडू लागले, मग त्याने मान टाकली.

"दृष्ट लागली गं बाई माझ्या बाळाला!" खार रडकुंडीला आली. "सगळे या रे, दृष्ट काढू या." होते नव्हते ते सगळे घरट्याभोवती दाटीने जमले. खारीने करवंदीची डहाळी पिलावरून ओवाळली. "आल्यागेल्याची दृष्ट निघो, इडापिडा टळो," असे ती म्हणत होती, आणि वर आकाशात आईबाप ओरडत होते.

तेवढ्यात जाळीतला माणूस उठला. त्याने एकदा वर पाहिले, एकही फोटो न काढता कॅमेरा पिशवीत घातला आणि बांधावरून चालत खाडीच्या पलीकडे गेला.

"गेला! कंटाळला बिचारा," कावळा हसला.

खाली चिखलात एक म्हातारा बगळा उभा होता. तो म्हणाला, "कंटाळला नाही रे. त्याला वरचं ओरडणं ऐकू आलं." मग खारीकडे पाहून तो हळूच म्हणाला, "खारूताई, दृष्ट-बिष्ट काही नाही. तुमच्या गर्दीला बिचकून आईबाप उतरत नाहीत. लेकरू उपाशी आहे."

खारीच्या हातातली डहाळी गळून पडली. "पण बगळेआजोबा, मी तर त्याची मावशी!"

"मग मावशीनं आधी उतरावं."

खारीने पिलाकडे एकदा डोळे भरून पाहिले. मग ती गर्रकन वळली. "चला, उतरा सगळे!"

"आत्ता तर कुठे चांगली जागा मिळाली," वानर कुरकुरले.

"उतरतोस की शेपटीला चावू?"

सगळे उतरले. शेवटी खारही उतरली आणि आपली ढोली मागे टाकून बांधावरून थेट पलीकडच्या तिवरांच्या झुडपांत जाऊन बसली. तिथून घरटे मुठीएवढे दिसत होते. पिलू तर दिसतच नव्हते. तिचा जीव टांगणीला लागला.

बराच वेळ काही हलले नाही. मग खाडीवरून आई आली. ढोलीतून खारीला नेहमी तिची चोच, मान आणि पायच दिसत. आज पहिल्यांदाच तिने तिला सबंध पाहिले. उन्हात ते पांढरे पोट चांदीसारखे लखलखले, पंख उघडले तेव्हा सातवीणीचा सगळा शेंडा त्यांच्याआड गेला, आणि एवढा मोठा पक्षी घरट्यात असा अलगद उतरला की एक पान हलले नाही. शेजारच्या झुडपातून कॅमेऱ्याचा बारीक आवाज आला. घरट्याच्या काठावर एक इवलीशी मान हळूहळू वर झाली आणि तिने घास घेतला.

खारीला आनंदाने किंचाळावेसे वाटले. पण तिने झटकन आपलीच शेपटी तोंडात कोंबली आणि डोळ्यांतले पाणी तसेच वाहू दिले.

तात्पर्य : माया भरभरून करावी, पण ज्याच्यावर करतो त्याला तिची अडचण होऊ देऊ नये.