वाजणारा बॉल

"आवाज कानातनं काढायचा कसा, वस्ताद?"

शिवतेज खराडे दारातच उभा होता. आत पाय ठेवायला जागा नव्हती. त्याचा फुटबॉल संघ ज्या तालमीचा, तिच्या मागची ती खोली जमिनीपासून आढ्यापर्यंत फुटबॉलनी भरलेली. शिवण उसवलेले, कातडं फाटलेले, हवा गेलेले. कोल्हापुरात ज्या बॉलला कुठलाच संघ पुन्हा पाय लावत नाही, तो शेवटी इथं येतो.

मधे पोत्यावर इलाही वस्ताद बसले होते. वय ऐंशीच्या पुढं. एके काळी गोली होते. डाव्या हाताची दोन बोटं अजून वाकडी आहेत. आता बॉल शिवतात. शिवलेले बॉल वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत जातात.

"कसला आवाज?" वस्तादांनी वर न बघता विचारलं.

"लोकांचा."

गेल्या सामन्यात शिवतेजची पेनल्टी खांबाला लागून बाहेर गेली होती. समोरच्या गॅलरीनं हुर्यो उडवली. तो बावीस वर्षांचा फॉरवर्ड, हंगामात अकरा गोल केलेला, स्वतःच्या नावाच्या आरोळीवर वाढलेला. त्या दिवसापासून सरावातही त्याचा पाय वेळेवर पडत नव्हता. आणि येत्या रविवारी पुन्हा त्याच संघाशी गाठ होती.

"माझ्यासारखा डावा पाय ह्या गावात दुसरा न्हाई. मी न्हाई म्हणत, लोक म्हणतात."

"व्हय?"

"पण ती हुर्यो... जेवतानासुद्धा ऐकू येतीय. तुम्ही वीस वर्षं गोलात उभं राहिला. तुम्हालाही शिव्या पडल्या असतील. कान बंद कसं करायचं, तेवढं सांगा."

वस्तादांनी मेणाच्या दोऱ्याचं टोक त्याच्यापुढं धरलं.

"हे ओढून धर."

शिवतेजनं धरलं.

वस्तादांच्या मांडीवर एक जुना बॉल होता, एका बाजूनं उसवलेला. शेजारी मलमाच्या सहा चपट्या डब्या. त्यांच्या कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या. वस्तादांनी प्रत्येक डबीत सायकलचे चार-पाच छर्रे टाकले, झाकणं घट्ट बसवली, वर कापड गुंडाळलं. मग एकेक डबी कातड्याच्या आत, ब्लॅडरच्या बाहेर, सगळीकडं सारख्या अंतरावर टाके घालून बसवली. उसवलेली बाजू आरीनं शिवून घेतली. पंपानं हवा भरली.

बॉल हलवला. तो खुळखुळला.

शिवतेज हसला. "हे काय? खुळखुळा?"

"व्हय."

"ह्याचं वजन बिघडलं. आता हा सरळ जायचा न्हाई."

"खरं हाय."

"मग कुणाला द्यायचा?"

वस्तादांनी उठता उठता त्याच्या खांद्याचा आधार घेतला.

"मोटरसायकल काढ."

*

अंधशाळा गावाबाहेर, उसाच्या रानांना लागून आहे. सकाळचे नऊ वाजले असतील. दोन भिंतींच्या मधल्या पटांगणात चार विरुद्ध चार असा सामना उभा होता. मुलीही, मुलगेही. सगळ्यांच्या डोळ्यांवर जाड पट्ट्या, कारण कुणाला थोडं दिसतं, कुणाला काहीच नाही. पट्टी बांधली की सगळे सारखे. गोली तेवढे डोळस.

भिंतीकडेला तीसएक माणसं बसली होती. पालक, मास्तर, स्वयंपाकघरातल्या बाया. कुणी बोलत नव्हतं.

कुसाळे बाई, शाळेच्या खेळाच्या शिक्षिका, पुढं आल्या. वस्तादांच्या हातातला बॉल घेऊन त्यांनी कानाशी हलवला आणि मान डोलावली.

"ह्याला खेळू द्या थोडा वेळ," वस्ताद म्हणाले. "चांगला फॉरवर्ड हाय."

शिवतेजला गंमत वाटली. त्यानं स्वतःच पट्टी मागून घेतली.

पट्टी बांधली.

...

पहिल्यांदा सगळं पटांगणच गेलं. मग भिंती गेल्या. मग त्याला आपले पायही कुठं आहेत ते कळेना. बॉल उजवीकडून खुळखुळत आला. तो वळला, तोवर आवाज डावीकडं पोचला होता. त्यानं पाय टाकला. हवाच लागली.

"आले!" कुणीतरी अगदी जवळून म्हणालं. टक्कर होऊ नये म्हणून बॉलकडं जाणाऱ्यानं तसं म्हणायचं असतं. त्याला ते माहीत नव्हतं. खांदा खांद्यावर आदळला आणि तो गुडघ्यावर बसला.

पुन्हा उठला. ह्या वेळी बॉल खरंच त्याच्या पायाशी आला. त्यानं तो थांबवला, नेहमीसारखा, तळव्याखाली, रुबाबात.

आणि पाय उचलताच बॉल नाहीसा झाला.

थांबलेला बॉल वाजत नाही. तो वीतभर अंतरावर असेल, नाहीतर पायालाच चिकटून असेल. शिवतेज वाकला. हातांनी माती चाचपू लागला. आपण हंगामात अकरा गोल केलेत, हे त्या क्षणी त्याला आठवलंसुद्धा नाही.

"आले," तोच मघाचा आवाज, आता हळू. पाय सरपटत आला, बॉल खुळखुळला, निघून गेला.

शिवतेजनं पट्टी वर सरकवली.

ती सोळा-सतरा वर्षांची मुलगी होती. अनुजा. बारीक चणीची, एक वेणी पाठीवर आपटत होती. बॉल तिच्या दोन्ही पायांच्या मधे इकडून तिकडं जात होता, एक क्षणही न थांबता, म्हणजे एक क्षणही गप्प न होता. एका मुलाच्या पावलांची चाहूल लागली तशी ती अंगानंच कलली आणि त्याच्या बाजूनं सुटली. दुसरा समोरून "आलो" म्हणाला. तिनं त्याच्या आवाजाकडं तोंड केलं आणि बॉल मात्र उलट्या बाजूला नेला.

असं वळण शिवतेजला डोळे उघडे ठेवून दहातून चार वेळा जमायचं.

पुढं फक्त गोली होता.

"वाऽऽ! मार! मार!" तो ओरडला. टाळ्या वाजवत ओरडला.

अनुजा जागच्या जागी थांबली.

पाय उचललेला तसाच राहिला. बॉल तिच्यापासून हातभर पुढं सरकत गेला आणि तिला कळलं नाही. तिनं मान एकदा इकडं वळवली, एकदा तिकडं. दोन्ही हात जरासे पुढं आले... सगळं पटांगण थांबलं होतं. भिंतीकडेची माणसं खाली बघत होती.

बॉल भिंतीला टेकला आणि गप्प झाला.

वस्ताद शिवतेजच्या मागं येऊन उभे राहिले होते. ते अगदी हळू बोलले.

"तिचा दिवा घालवलास."

शिवतेजचे हात टाळीसाठी उघडे होते ते तसेच राहिले.

अनुजा आवाजाच्या दिशेनं वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता.

"नवीन आहात ना, दादा?" ती म्हणाली. "होतं असं पहिल्यांदा. आमचे बाबासुद्धा ओरडले होते."

शिवतेजनं हात हळूच खाली घेतले.

"गेले का ते?" तिनं बाईंना विचारलं.

"आहेत," बाई म्हणाल्या.

"मग बसा की, दादा. बघा."

तो भिंतीकडेला, त्या तीस माणसांत जाऊन बसला. त्याच्या एका बाजूला पोळ्या करणारी बाई होती, हातावर पीठ वाळलेलं. तिनं तोंडात पदराचा बोळा धरला होता. तिचा मुलगा खेळत होता. दुसऱ्या बाजूच्या माणसानं आपली दोन्ही मनगटं मांड्यांखाली दाबून ठेवली होती. शिवतेजनंही तसंच केलं.

खेळ सुरू झाला. आता त्याला ऐकू येऊ लागलं. छर्रे. मातीवरची पावलं. "आलो." "आले." उसातला वारा. कुणाचा तरी धपापणारा श्वास. आठ मुलं त्या खुळखुळाटाभोवती फिरत होती, आणि तीस माणसं श्वास रोखून त्यांना वाट करून देत होती. इतकी माणसं, इतक्या मायेनं, इतकी गप्प... असं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. देवळात नाही, दर्ग्यात नाही.

बॉल पुन्हा अनुजाकडं आला. गोलामागं उभ्या राहिलेल्या कुसाळे बाईंनी काठीनं एक खांब वाजवला, मग दुसरा. ठक... ठक. गोल केवढा आणि कुठं, ते तिला कळावं म्हणून.

मग त्याही गप्प झाल्या.

अनुजानं मारला.

बॉल जाळीत गेला, आणि जाळीत गेल्याचा आवाज सगळ्यांत आधी तिनंच ऐकला. तिनं हात वर केले. तेव्हा कुठं ती तीस माणसं उठली, ओरडली, पोळ्या करणारी बाई तर उड्या मारू लागली. गोल तिच्या मुलाच्या संघावर झाला होता.

शिवतेजला तेवढी टाळी वाजवता आली नाही. त्याचे हात मांड्यांखालीच होते आणि डोळ्यांपुढचं सगळं ओलं झालं होतं.

परतताना वस्ताद मागं बसले होते. वाटेत एकदाच शिवतेज म्हणाला, "वस्ताद, मी जे विचारलं होतं..."

"समोर बघून चालव," वस्ताद म्हणाले.

*

रविवारचा सामना बरोबरीत सुटला. शिवतेजला गोल करता आला नाही. त्यानं एक करून दिला. हुर्यो उडालीच, मागच्या वेळेपेक्षा मोठी. ती आपल्याला स्पष्ट ऐकू येत होती, असं त्यानं नंतर तालमीत सांगितलं. पण तिच्या खाली, उजव्या अंगानं धावत येणाऱ्या आपल्या गड्याची पावलंही ऐकू येत होती. आजवर ती कधी ऐकू आली नव्हती. त्यानं न बघता बॉल तिकडं दिला.

पुढचे चार दिवस तो खोलीकडं फिरकला नाही. पेठापेठांतून फिरत होता. ज्यांनी हुर्यो उडवली त्यांच्याही तालमीच्या पायरीवर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "फाटके बॉल असतील तर द्या." आधी ते हसले. मग कशाला हवेत, ते त्यानं सांगितलं. मग त्यांच्यातलेच दोघं आत गेले आणि माळ्यावरचं पोतं उतरवून घेऊन आले.

पाचव्या दिवशी तो वस्तादांच्या दारात आला. एकोणीस बॉल उंबऱ्याशी ठेवले. विसावा काखेत होता. त्याच्या बोटांना जागोजाग आरी लागलेली होती.

"हा मी शिवला," तो म्हणाला. "एकट्यानं."

वस्तादांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. बॉल घेतला. शिवणीवरून अंगठा फिरवला, टाका न् टाका. दोन्ही तळहातांत धरून फिरवला. छर्रे वाजले.

शिवतेज वाट बघत होता. अकरा गोलांच्या वेळी तो असा कधी उभा राहिला नव्हता.

"बरोबर वाजतोय का, वस्ताद?"

वस्तादांनी बॉल त्याच्या हातात परत दिला.

"मला इचारून काय उपयोग, लेका? मला दिसतंय."