दुमडलेलं पान

"मग आधी कोणाचं करायचं, महाराज? सगळ्यांचं एकदम तर होत नाही."

भावगीर महाराज शेंगा सोलत बसले होते, मी शेजारी जेवणाची पानं पुसत होते. गिरणेकाठच्या मठात त्या दिवशी पंगत होती. विचारणारा हेरंब, नाशकाचा. कामांच्या नोंदी ठेवायचा कंप्युटरवरचा प्रोग्राम त्याच्या हापिसात बनायचा. गावोगावचे लोक कळवायचे, हे बदला, ते घाला. कोणाचं आधी नि कोणाचं मागून, ते हा ठरवायचा.

"तू कसं ठरवतोस?"

"ज्या मागण्याला माणसं जास्त, ते वर. एकट्यादुकट्याचं खाली. आणि जो पुन्हा विचारत नाही, त्याचं बंद. माझ्याकडे एकही मागणं पडून नाही, महाराज."

"वा. मग इतक्या लांब कशाला आलास?"

त्यानं समोरची एक शेंग उचलली, न सोलताच खाली ठेवली.

"कुमुदताई म्हणून एक होत्या. दवाखान्यात आमच्या प्रोग्रामवर नोंदी करायच्या. डोळे अधू होत चालले होते. अक्षरं मोठी करून द्या, म्हणायच्या. एकट्याच. मग त्यांनी विचारायचं सोडलं. मी बंद केलं."

"आणि?"

"परवा कळलं, दिसेना म्हणून काम गेलं त्यांचं... पण माझा नियम बरोबर होता ना? आमची माणसं मोजकी. कोणाकोणाला पुरणार?"

"अक्षरं मोठी करायला काय लागलं असतं?"

"एक सकाळ."

महाराजांनी टरफलं झटकली. आमटीभाताची बादली त्याच्या हाती दिली.

"जा, वाढ."

मीठ मी आधीच वाढून गेले होते. हा पुढं झाला नि गलका उठला.

"ओ नाशिककर, इकडं!"

"पाव्हणं, हात आखडला का? चिमणीला घालताय व्हय?"

हेरंब हसला. हाक येईल तिकडं धावला. कोणाला दुसऱ्यांदा, कोणाला तिसऱ्यांदा. भिंतीकडच्या टोकाला एक म्हातारी होती, तिचा बारीक आवाज आला.

"बाळा, इकडं..."

"आलोच, आजी!"

म्हणाला खरं. पण मधल्या पोरांनी पुन्हा ओरडा केला, नि तो वळला.

टोकाला पोचला तेव्हा म्हातारी पान दुमडून बसलेली. पान दुमडलं म्हणजे जेवण झालं, ही आपली रीत. यानं हात जोडले नि माघारी फिरला.

पंगत उठली. माणसं आपापल्या वाटेनं गेली.

"सगळे तृप्त झाले, महाराज. शेवटी कोणी मागतच नव्हतं."

"पानं उचल."

एकेक पान टोपलीत टाकत तो भिंतीपाशी आला. शेवटचं उचललं. हलकं लागलं हाताला. थबकला... उलगडलं.

कडेला चिमूटभर मीठ. बाकी पान कोरडं.

तो दारापर्यंत पळाला. नदीकडच्या वाटेवर कोणी नव्हतं.

परत आला तो बादली पोटाशी धरून.

"महाराज, यात... यात अजून आहे. पुष्कळ आहे."

महाराजांनी बादलीत डोकावून बघितलं.

"हो रे बाळा... भात तर होताच."