पहिला पेला घरचा

मोहाच्या झाडांनी वेढलेलं एक चिमुकलं राज्य होतं. एकवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय कुणाला दारू द्यायची नाही, असा तिथला जुना कायदा. रंभाजी गुत्तेदाराच्या डोळ्यांत तो खुपायचा. राज्यातला दारूचा एकुलता एक गुत्ता त्याचाच होता. माणूस मोठा गोडबोल्या. तो बोलायला लागला की ऐकणाऱ्याला कारलंसुद्धा गोड लागावं!

एक दिवस भर दरबारात हात जोडून तो म्हणाला, "महाराज, अठराव्या वर्षी पोरगा तुमच्या फौजेत भाला धरतो, बोहल्यावर चढतो. मग पेला धरायलाच तेवढा लहान कसा? चोरून पितातच की! त्यापेक्षा उजळ माथ्यानं पिऊ द्या. अठरा वर्षांची पोरं चांगली शहाणी असतात."

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. राजा गादीवर नवा होता आणि सगळ्यांचा लाडका व्हायची त्याला भारी हौस. त्यानं लगेच शिक्का मागवला.

तेवढ्यात म्हाळसा सुईण पुढं आली. राज्यातली निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्मली होती. तिचा मुलगा दारूपायी गेला होता. मागं राहिलेला नातू दौलत तिनं पोटाशी धरून वाढवला होता, आणि येत्या पौर्णिमेला त्याला अठरा पूर्ण होणार होती. म्हातारीचा जीव टांगणीला लागला होता.

"म्हाराज, कायदा खुशाल करा," ती म्हणाली. "पर रीत मोडू नका. नवी दारू काढली की पैला पेला गुत्तेदाराच्या घरच्यानं प्यायचा, मग गिऱ्हाइकानं. तसा ह्या नव्या कायद्याचा पैला पेला रंभाजीच्या लेकानं घ्यावा. हितंच, समद्यांसमोर."

रीत तर सगळ्यांनाच ठाऊक होती. राजा म्हणाला, "बरोबर आहे. मुलाला बोलवा."

रंभाजीच्या तोंडचं पाणी पळालं. "महाराज, माझा हैबत अजून... अठराचा नाही झाला."

"खोटं!" म्हाळसा कडाडली. "ह्याच हातांवर जन्मला त्यो. औंदा त्याला विसावं सरलं!"

दरबारात कुजबुज झाली. एवढा धडधडीत खोटेपणा, आणि तोही राजासमोर! हैबत आला. त्याच्या हाती पेला दिला. बापाकडं एकवार बघून त्यानं तो ओठांना लावला, तोच रंभाजीनं झडप घालून पेला उडवला.

"थुंक! थुंक आधी!" तो ओरडला. "महाराज, पोर अजून कच्चं आहे हो! या वयात चटक लागली की पोरगं आईबापाच्या हाताला लागत नाही. मी रोज बघतो!"

आपण काय बोलून बसलो हे रंभाजीलाही कळलं, पण उशिरा.

"रोज बघतोस?" राजानं विचारलं. "आणि तरीही माझ्याकडं मागायला आलास?"

आपण शिक्का उमटवणारच होतो, या विचारानं राजाच्या अंगावर काटा आला. त्यानं शिक्का परत पाठवला. माना डोलावणारे आता खाली बघत होते. म्हाळसा तिथंच मटकन बसली आणि पदरात तोंड लपवून रडली.

तात्पर्य: जी मोकळीक आपल्या लेकराला देताना काळीज हलतं, ती दुसऱ्याच्या लेकरासाठी कधी मागू नये.